सकाळी पहिल्या सेल्फला येणारी खरखर

प्रश्न : नमस्कार. आम्ही दसऱ्याला नवी पेट्रोल गाडी घेतली. मी शिक्षिका आहे. घरापासून शाळा नऊ किलोमीटरवर आहे. गेले काही आठवडे सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की बोनेटमधून 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि लगेच थांबतो. दुपारी शाळा सुटल्यावर सुरू करते तेव्हा काहीच नाही. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवली. पहिल्या वेळी 'सायलेन्सरवरचा पत्रा सैल होता, आवळला' म्हणाले. दुसऱ्या वेळी 'आवाज आढळला नाही, गाडी नॉर्मल' असं लिहून दिलं. सासरे म्हणतात, नव्या गाडीत असं होताच कामा नये, परत करा. शेजारचे ट्रॅक्टरवाले काका म्हणतात, घट्ट ऑइल टाका, आवाज बंद होईल. कोणाचं ऐकावं कळत नाही. इंजिन खोलावं लागेल का, याचीच भीती वाटते.
— एक शिक्षिका, संगमनेर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे 'दुपारी काहीच नाही'. तिच्यामुळे निम्मे संशयित आपोआप बाद होतात. आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांना आवाज का सापडला नाही, याचंही उत्तर तिथेच आहे. तुम्ही गाडी चालवत तिथे गेलात, इंजिन पुरतं तापलं, गाडी अर्धा तास रांगेत उभी राहिली, मग तिथल्या मुलाने बटण दाबलं. त्या वेळी हा आवाज येणं शक्यच नव्हतं. त्याने खोटं लिहिलं नाही, पण चुकीच्या वेळी ऐकलं. थंड इंजिनाचा आवाज थंड इंजिनावरच ऐकावा लागतो. माझ्याकडे साताऱ्यात कोणी 'सकाळी वाजते' म्हणत गाडी घेऊन आलं तर मी बोनेट उघडतच नाही. किल्ली ठेवून जा म्हणतो, उद्या सकाळी बघू.

पत्र मिळाल्यावर मी ताईंना काही गोष्टी विचारल्या आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं. तेच प्रश्न इथे देतो, कारण अशी पत्रं पुष्कळ येतात आणि बहुतेकांत एवढंच लिहिलेलं असतं की 'गाडी वाजते'.

पहिला प्रश्न, आवाज नेमका कोणत्या क्षणी येतो? बटण दाबल्यापासून गाडी शांत होईपर्यंत चार-पाच वेगवेगळे टप्पे असतात. आधी सेल्फ इंजिनाला फिरवतो. त्या वेळी इंजिन मिनिटाला साधारण दोनशेच फेरे घेत असतं. आवाज याच वेळी आला आणि इंजिन पकडताच थांबला, तर सेल्फ, त्याचा बेंडिक्स (पुढे सरकून इंजिनात अडकणारं दातेरी चाक) किंवा ते ज्यात अडकतं ती फ्लायव्हीलची दातेरी रिंग बघायची. दात दातात नीट बसत नसले की करवतीसारखी खर्र ऐकू येते. इंजिन पकडल्यावरही बारीक किंचाळल्यासारखं काही राहिलं, तर बेंडिक्स मागे सरकत नाही असं समजायचं. ते अंगावर काढू नये, रिंग खराब झाली की काम वाढतं. मग पुढचा टप्पा म्हणजे इंजिन पकडल्यानंतरची पहिली दोन सेकंदं. त्यानंतर थंड इंजिन मुद्दाम जरा जोरात फिरतं, मिनिटाला बाराशे ते पंधराशे फेरे, कारण सायलेन्सरमधलं धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर या पहिल्या अर्ध्या-एक मिनिटाला जास्तच महत्त्व आलं. नव्या गाडीचा सकाळचा जोराचा घूंघूं आवाज ऐकून घाबरणारे फार आहेत. त्यात बिघाड काही नसतो. शेवटी फेरे उतरतात, गाडी आयडलिंगला येते.

ताईंचं उत्तर आलं, 'सेल्फचा आवाज संपला की लगेच, आणि मी दोन म्हणेपर्यंत बंद.'

दुसरा प्रश्न, गाडी किती तास उभी राहिल्यावर येतो? त्यांनी लिहिलं, शाळेत पाच तास उभी असते तेव्हा येत नाही, रात्रभर उभी राहिली की येतोच. एका रविवारी सकाळी देवाला जाऊन आल्यावर गाडी संध्याकाळपर्यंत हलली नव्हती, तेव्हा थोडा आला. म्हणजे केवळ थंडीवर नाही, किती वेळ उभी होती यावर आवाज अवलंबून आहे. ही फार मोलाची नोंद.

तिसरा, क्लच दाबल्याने काही फरक पडतो का? बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. त्यामुळे क्लचच्या रिलीज बेअरिंगचा आवाज हमखास 'स्टार्ट करताना येतो' असा वाटतो. गाडी न्यूट्रलला ठेवून, इंजिन चालू असताना क्लच दाबा आणि सोडा. दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग. सोडल्यावर आला आणि दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. ताईंच्या गाडीत यातलं काही नव्हतं.

आता रेकॉर्डिंग. मी तीन मागवली होती. एक आत बसून, एक बोनेट उघडून समोरून, एक मागे सायलेन्सरजवळून, तिन्ही वेगवेगळ्या सकाळची, कारण एका सकाळी थंड स्टार्ट एकदाच मिळतो. हे करताना गाडी उघड्यावर असू द्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका, सायलेन्सरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. बोनेटजवळ उभ्या राहणाऱ्याने पदर, ओढणी, गळ्यातलं लोंबणारं सगळं आवरून घ्यावं आणि आत हात घालू नये. मोबाइल बाजूला ठेवून मागे सरकावं.

ताईंची दोन्ही बाहेरची रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकली. तेव्हा लक्षात आलं की आवाज एक नाही, दोन आहेत.

मागच्या रेकॉर्डिंगमध्ये पातळ पत्रा थरथरावा तशी झिणझिण आहे. ती इंजिन पकडल्यावर सुरू होते, फेरे चढलेले असेपर्यंत राहते आणि आयडलिंग उतरलं की विरते. हा सायलेन्सरच्या हीट शील्डचा, म्हणजे उष्णता अडवणारा, पत्रा. पहिल्या वेळी त्यांनी तो आवळला, ते काम खरंच केलेलं होतं, पण एखादा क्लॅम्प पुन्हा ढिला झालेला दिसतो. त्याने इंजिनाला धोका नाही. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

समोरच्या रेकॉर्डिंगमधला आवाज वेगळा. सेल्फ थांबतो, इंजिन पकडतं आणि त्याच क्षणी धातूवर धातू आपटल्याची कोरडी, दाट खरखर उठते. दोन सेकंदं पुरी व्हायच्या आत ती बंद होते. विरत जात नाही, कोणी हात ठेवावा तशी एकदम तुटते. मला या तुटण्यातच उत्तर दिसलं. ऑइलचं प्रेशर पोचलं की असं होतं.

त्याचं कारण असं. इंजिनाच्या एका टोकाला, बेल्ट असतो त्या बाजूला, टायमिंग चेन असते. खालच्या क्रँकवरून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यावरून, ती वरच्या कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, फिरवते. ही चेन ताणून धरायला टेन्शनर असतो. आजकालच्या बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या प्रेशरवर चालतो. आतला दट्ट्या ऑइल ढकलतं, दट्ट्या पट्टीला ढकलतो, पट्टी चेनला दाबून धरते. इंजिन बंद झालं की प्रेशर जातं. दिवसाचे चार-पाच तास टेन्शनरमध्ये ऑइल तग धरतं, रात्रभरात हळूहळू झिरपून खालच्या सम्पमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत, उतरतं. सकाळी इंजिन पकडतं तेव्हा पंप ऑइल वर पोचवेपर्यंत चेन जराशी ढिली असते आणि कव्हरच्या आत आपटते. ऑइल पोचलं की गप्प. दट्ट्या फार मागे सरकू नये म्हणून पुष्कळ टेन्शनरमध्ये दातांची खाच असते. ती नीट अडकत नसेल किंवा टेन्शनर ऑइल धरत नसेल, तर हे रोज होतं.

दुसराही एक संशयित त्याच जागी बसलेला आहे. कॅमशाफ्टच्या टोकाला व्हीव्हीटीचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारा, डबा असतो. इंजिन बंद होताना त्यातली एक पिन अडकून डबा जागच्या जागी लॉक व्हायला हवा. पिन बसली नाही तर सकाळी तो डबाच आत आपटतो, आणि ऑइल पोचल्यावर तोही असाच एकदम गप्प होतो. कानाने या दोहोंत फरक करणं अवघड. मी करत नाही, कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्कॅनर लावून कॅम आणि क्रँकच्या खुणा जुळतात का बघावं लागतं, आणि प्रत्यक्ष पार्ट हातात घ्यावा लागतो.

मग हा आवाज नॉर्मल का? अर्धं-एक सेकंद, कधीतरी, गाडी आठवडाभर उभी राहिल्यावर आला तर मी मनावर घेणार नाही. पण नव्या गाडीत, रोज, एका रात्रीच्या उभं राहण्यावर, आणि ताई म्हणतात तसा पहिल्यापेक्षा लांबत चाललेला, तर तो तपासलाच पाहिजे. वॉरंटीत आहे तोवर तपासलेला बरा. ढिली चेन रोज आपटत राहिली तर पट्ट्या झिजतात, आणि पुढे चेनने दात सोडला तर इंजिनाचं मोठं नुकसान होतं. आज-उद्या गाडी बंद पडेल असं मुळीच नाही. शाळेत जात राहा.

फक्त एका बाबतीत वाट बघायची नाही. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा इंजिन सुरू झाल्यावर दोन-चार सेकंदांत विझायला हवा. तो राहिला, किंवा खरखर थांबलीच नाही, तर जागच्या जागी इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या. 'जवळच आहे, हळू जाते' असं करू नका.

आता काकांच्या घट्ट ऑइलबद्दल. त्यांच्या ट्रॅक्टरला ते योग्य असेल, तुमच्या गाडीला ते घातक आहे. नव्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० असली पातळ ऑइलं दिलेली असतात. पहिला आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. तुमची अडचणच मुळात ऑइल उशिरा पोचण्याची. त्यात २०डब्ल्यू-४० टाकलं तर डिसेंबरच्या सकाळी ते आणखी उशिरा पोचेल. व्हीव्हीटीच्या बारीक वाटा अशा घट्ट ऑइलसाठी केलेल्या नसतात, आणि वॉरंटीवाल्यांना हात झटकायला कारण मिळेल ते वेगळंच. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल, आणि फिल्टरही कंपनीचाच. ऑइल फिल्टरमध्ये रबराचा एक लहान व्हॉल्व्ह असतो, इंजिन बंद असताना ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये हा व्हॉल्व्ह लवकर कडक होतो आणि मग अगदी असाच आवाज येतो. तुमच्या गाडीचा फिल्टर अजून मूळचाच आहे, म्हणून तो प्रश्न सध्या नाही.

घरच्या घरी एवढं करा. सपाट जागेवर गाडी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं गेलेली, मग ऑइलची गेजपट्टी काढून पुसा, परत घाला, काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. वरच्या खुणेच्या वर असलं तरी चालत नाही, आणि पट्टीला पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर तेही सांगा. सकाळी गाडी सुरू झाली की लगेच एक्सिलरेटर दाबून इंजिन रेस करण्याची सवय काहींना असते, ती नको. अर्धं मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवा. दहा-दहा मिनिटं उभ्याने तापवण्याची गरज नाही.

सर्व्हिस सेंटरला या वेळी गाडी संध्याकाळी नेऊन द्या आणि रात्रभर तिथेच ठेवा. जॉबकार्डवर 'इंजिन नॉइज' एवढंच लिहू देऊ नका. हे वाक्य लिहून घ्या : 'रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला, इंजिन पकडताच, बेल्टच्या बाजूने सुमारे दोन सेकंद खरखर. गरम इंजिनावर येत नाही. कोल्ड स्टार्टला तपासावे.' पार्टचं नाव तुम्ही सुचवू नका. 'चेन बदला' म्हणालात तर वाद चेनवर होतो आणि ऐकायचं राहून जातं. फोरमनला सांगा, सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. आणि स्टिअरिंगवर मोठ्या अक्षरांत तशी चिठ्ठी चिकटवा. ही चिठ्ठी महत्त्वाची आहे. बहुतेक यार्डात सकाळी सात वाजता वॉचमन किंवा वॉशिंगचा मुलगा गाड्या काढून ओळीत लावतो, आणि तुमचा त्या दिवसाचा एकमेव थंड स्टार्ट कोणीही न ऐकता संपतो.

इंजिन खोलावं लागेल का, तर लगेच नाही. आधी ऑइलची पातळी, मग ऑइल प्रेशर गेज लावून, मग स्कॅनर, आणि त्यानंतर टेन्शनर. काही इंजिनांत टेन्शनर बाहेरून दोन बोल्टवर निघतो, काहींत पुढचं टायमिंग कव्हर काढावं लागतं. कव्हर काढायचं ठरलं तर का, हे लेखी घ्या, काढलेला पार्ट दाखवा म्हणा, आणि परत गाडी मिळाल्यावर आठवडाभर त्या बाजूने ऑइल पाझरत नाही ना ते बघा. कव्हर काढण्याला घाबरू नका. नीट हाताने केलं तर इंजिनाचं काही बिघडत नाही.

सासऱ्यांचं म्हणणं त्यांच्या काळजीपोटी आहे, ते मला पटतं. पण एका दुरुस्त होणाऱ्या पार्टसाठी गाडी परत होत नाही. हां, वारंवार नेऊनही ते ऐकून घेत नसतील तर तुम्ही हतबल नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतून तक्रार देता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे ५० लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तिथे तुमच्या बाजूने बोलणार ती जॉबकार्डं. म्हणून 'आवाज आढळला नाही' लिहिलेलंही फाडू नका, तारीख आणि किलोमीटरसकट जपून ठेवा.

हे उत्तर छपाईला जाताना ताईंचा निरोप आला. गाडी रात्रभर ठेवली, सकाळी फोरमनने स्वतः बोनेटजवळ उभं राहून ऐकलं आणि दुसऱ्यांदा ऐकायला गाडी आणखी एक रात्र ठेवून घेतली. ऑइलची पातळी आणि प्रेशर ठीक निघालं. टेन्शनर वॉरंटीत मागवला आहे. मागच्या पत्र्याचा क्लॅम्पही बदलून दिला.

प्रश्न : सहा महिन्यांची गाडी आहे. पावसाळ्यात सकाळी सुरू केली की 'चींऽऽ' असं ओरडते, मिनिटभराने थांबते. मेकॅनिकने बेल्टला साबण चोळायला सांगितलं. चोळू का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : नको. साबण, पावडर, ग्रीस, बेल्टचा स्प्रे, यातलं काहीही नको. दोन दिवस आवाज जाईल, मग बेल्ट आणखी घसरेल.

ओरडतो तो अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, बेल्ट. सेल्फने बॅटरीतून बराच करंट ओढलेला असतो. तो भरून काढायला अल्टरनेटर सुरुवातीलाच जोर लावतो, आणि कोकणातल्या दमट हवेत रात्रभर ओलावलेला बेल्ट पुलीवर घसरतो. हेडलाइट, काचेचा डिफॉगर, एसी बंद ठेवून सुरू करून बघा, आवाज कमी झाला तर बेल्टच. पुढची तपासणी मेकॅनिककडून करून घ्या. इंजिन चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूवर दुरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. आवाज वाढला तर बेल्टचा ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली रेषेत नाही. सहा महिन्यांत बेल्ट झिजत नाही, त्यामुळे नुसता बेल्ट बदलून देत असतील तर ताण आणि पुली बघितली का, ते विचारा. घरी स्वतः फवारा मारू नका, बेल्टजवळ बोटं जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : नवी गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं 'टकटकटकटक' होतं, सुरू होत नाही. सेल्फ खराब आहे का? गाडीत डॅशकॅम बसवला आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचं उत्तर शेवटच्या वाक्यात आहे. ही भराभर टकटक सेल्फच्या सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या विजेच्या खटक्याची. बॅटरीत सोलेनॉइड ओढण्याइतका दम असतो, सेल्फ फिरवायला लागताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, परत ओढला जातो. एकच जोराचा 'टक' आणि मग शांतता असती तर मी सेल्फ उघडा म्हटलं असतं.

मल्टिमीटरने बघा. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ च्या खाली गेले तर बॅटरी अर्धी उतरली. सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. डॅशकॅमची वायर थेट बॅटरीला जोडली असेल तर पार्किंग मोडमध्ये तो दिवसरात्र करंट खातो. ती इग्निशनवर घ्या, किंवा व्होल्टेज उतरल्यावर आपोआप बंद होणारं कट-ऑफ किट लावा. तरीही बॅटरी उतरली तर बॅटरीचीच लोड टेस्ट करून घ्या. कंपनीच्या यार्डात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी नवी असूनही दमलेली असू शकते, आणि ती वॉरंटीत बदलून मिळते.

प्रश्न : कंपनी फिटेड सीएनजी. सुरू केल्यावर थोड्या वेळाने मागून 'टक्' होतं आणि मग इंजिनातून टाइपरायटरसारखी टिकटिक सुरू होते. पेट्रोलवर नसते.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : काही बिघडलेलं नाही. अशा बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि थोडं तापल्यावर गॅसवर जातात. 'टक्' म्हणजे गॅसचा विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडला. टिकटिक इंजिनात गॅस सोडणाऱ्या इंजेक्टरची, तो पेट्रोलच्या इंजेक्टरपेक्षा जोरात वाजतो. पण टिकटिक एका लयीत हवी. मध्येच ठोका चुकत असेल, गाडी मिस मारत असेल, तर दाखवा. आणि गॅसचा वास आला तर सेल्फ मारूच नका. दारं उघडा, सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, मग फोन करा, तोही गाडीपासून लांब जाऊन.

प्रश्न : गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या आतून 'तडतडतड' आवाज येतो. इंजिनाचा वाटत नाही. गाडी अंगणात कडुनिंबाखाली असते.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ब्लोअर पूर्ण बंद करून गाडी सुरू करा. आवाज आला नाही, आणि ब्लोअर एकवर केल्यावर सावकाश, तीनवर केल्यावर भराभर तडतडला, तर पानं ब्लोअरच्या पंख्यात गेलेली आहेत. बोनेट आणि काच यांच्यामधल्या जाळीतून कडुनिंबाची बारीक पानं आणि काड्या सहज आत जातात. बहुतेक गाड्यांत समोरचा ग्लोव्हबॉक्स काढला की केबिन फिल्टर दिसतो. तो बाहेर काढून बघा. फिल्टर कुरतडलेला असेल, कापसाचे-कागदाचे तुकडे दिसले, तर पानं नव्हेत, उंदीर. तेव्हा नुसता फिल्टर बदलून भागत नाही. बोनेटखालच्या वायरिंगवर दातांच्या खुणा आहेत का ते मेकॅनिककडून बघून घ्या, मगच लांबच्या प्रवासाला निघा. पानंच असतील तर ब्लोअरची मोटर काढून झाडून घ्या, जाळीवरचा कचरा दर आठवड्याला हाताने उचला, आणि पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने तो आत ढकलू नका, तिथूनच पाणी वाहून जायची वाट असते. ती तुंबली की पहिल्या पावसात पाणी पायाखालच्या मॅटवर येतं.